इरूचं जावळ

सारिकामावशींची पडताळणी अडली होती ती केसांवाचून.

"गेल्या दोन वर्षांत तुम्ही सांभाळलेल्या एकाही मुलाचे केस केंद्रात जमा नाहीत," खिडकीपलीकडच्या पोलीस बाई म्हणाल्या. "एकाही."

"एकच तर पोरगं व्हतं, आर्य. त्याचं जावळ संगमात सोडलं," मावशींनी सांगितलं. "आत्यानं पदरात झेललं आन् दिलं कृष्णामाईला. मी काय आडवी पडू का लोकांच्या देवाधर्माला?"

"निम्मं इथं द्यायचं असतं. कायदा आहे."

"ते मला नगा सांगू. त्या आत्याला सांगा. ती बसलीय जर्मनीत."

मागच्या बाकावर शाल्मली नऊ महिन्यांच्या इरूला मांडीवर घेऊन बसली होती. केस नाहीत, एवढंच तिने ऐकलं, आणि तिच्या मनाने लगेच विचारलं, का नाहीत? ती कोयना धरणावर अभियंता होती. भिंतीच्या पोटातले तडे रोज मोजायचे, काल केसाएवढा असलेला तडा आज किती आहे ते पाहायचं, हे तिचं काम. काहीच दिसत नसेल तर जास्त नीट बघायचं, ही त्या कामाची पहिली शिकवण. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि पावसाळ्याच्या आत तिला भिंतीवर हजर व्हायचं होतं. नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर, तीन-तीन महिने घरी नाही. इरूला सांभाळायला तिने सारिकामावशींना ठरवलं होतं, पण पडताळणी न झालेल्या माणसाकडे मूल सोपवणं हा आता गुन्हा होता.

या कायद्याचे शाल्मलीला नेहमी उपकारच वाटत आले होते. तिच्या आजीच्या काळात पोलीस पडताळणी म्हणजे पोलिसांच्या दप्तरात त्या माणसाच्या नावावर गुन्हा आहे का, एवढंच बघणं. नाव कोरं निघालं की माणूस चांगला. पण कोऱ्या नावाचा अर्थ इतकाच, की त्याच्याविरुद्ध कुणी तक्रार केली नाही. जे मूल अजून बोलतच नाही, ते तक्रार कुठून करणार? मग केसलेख आला, मुलाच्या केसात साठलेली भीती वाचणारी तपासणी, आणि न बोलणाऱ्या मुलांना साक्ष देता येऊ लागली.

दप्तर तपासायला आता क्षणही लागत नसे. वेळ लागे तो केस वाढायला. बाळाचा केस दिवसाला मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका वाढतो, आणि कातडीच्या आत तयार झालेला भाग वर यायलाच आठवडा-दीड आठवडा जातो. लोक केंद्रात येऊन भांडत, ओळखी काढत, आमदाराचा फोन लावून देत. आमदाराच्या फोनने केस लवकर वाढत नाही.

"यांच्यासाठी सहवास चाचणी करता येईल," पोलीस बाई म्हणाल्या. "आत डॉक्टर मुजावरांना भेटा."

डॉक्टर मुजावर मिरजेचे. डोक्यावर एकही केस नव्हता, आणि त्यावरचा विनोद ते येणाऱ्याच्या आधी स्वतःच करून टाकत. "बसा. या केंद्रात सगळ्यात सुरक्षित माणूस मी. माझं कुणालाच काही वाचता येत नाही."

मावशी हसल्या नाहीत. त्यांचा राग अजून खिडकीतच होता. "केसात भ्या कसं काय ऱ्हातंय, तेवढं सांगा आधी. भ्या पोटात असतंय."

"बरोबर आहे. माणूस घाबरला की शरीर रक्तात एक रसायन सोडतं. पळायला, ओरडायला बळ यावं म्हणून. ते रक्तातून केसाच्या मुळाशी जातं आणि त्या वेळी जो केस घडत असतो त्यात अडकून बसतं. मावशी, संगमावर घाटाच्या भिंतीवर पुराच्या खुणा पाहिल्यात?"

"न बघून सांगते कुनाला? आमचं घर गेलंय त्यात."

"पूर ओसरतो, गाळाची रेघ भिंतीवर राहते. कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं ते नंतर कुणालाही वाचता येतं. केस तसाच. रोज थोडी भिंत वाढते, रोज एक रेघ."

"म्हंजे डोस्क्यावर घाट घेऊन हिंडतंय की पोरगं," मावशी म्हणाल्या, आणि आता मात्र त्या हसल्या.

शाल्मलीने विचारलं, "पण मूल पडतं, दात येतात, लस टोचतात. तेव्हाही घाबरतंच ना?"

"ती टोकं. सुईसारखी वर जातात, लगेच खाली येतात. ती आम्ही सोडून देतो. माणसाची भीती पायरीसारखी असते. ते माणूस जवळ आलं की रेघ चढते, ते जाईपर्यंत वरच राहते. पुन्हा आलं की पुन्हा चढते." त्यांनी खणातून दोन पातळ राखाडी कडी काढली. "आणि कोण कधी जवळ होतं ते या कड्यांवरून कळतं. सहा आठवडे मावशी तुमच्या घरी, तुमच्या देखत मुलीला सांभाळतील. एक कडं त्यांच्या हातात, एक तुमच्या. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला घालावंच लागतं. एकाची पायरी दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून."

"द्या ना," शाल्मली म्हणाली आणि लग्नात चुडा भरायला करावा तसा हात तिने आनंदाने पुढे केला.

सहा आठवडे शाल्मलीने डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

मावशी पाटावर बसत, पाय लांब करत, हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवत आणि इरूला नडग्यांवर पालथी घालून तेल चोळत. शाल्मली न्हाणीच्या दारात तापमापक घेऊन उभी.

"ताई, तुमी दारात उभं ऱ्हायलात की उजेड अडतोय."

"पाणी एकदा बघते."

"तीनदा बघितलं. आता पानी बी लाजाय लागलं."

"कान झाका हं तिचे. आणि मान..."

"माझ्या दोन लेकी, धाकट्या जावंचा एक, आन् गावातली वीस-बावीस न्हाणलीत या पायांवर. एकाची मान वाकडी झाली न्हाई. एकाची झालीय, पर तो जन्मापासनंच तिरका बघायचा. आमदाराचा पीए हाय आता."

शाल्मलीला हसू आलं आणि इरू पाण्यात हात आपटत किंचाळली. शाल्मली पुढे धावली. किंचाळी आनंदाची होती, हे तिला मुलीला उचलल्यावर कळलं, आणि तोवर इरू खरीच रडू लागली होती.

असं रोजच काहीतरी. इरू झोपली की शाल्मली तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघे. शेजारच्या खोलीत बसून धरणाचे आकडे वाचताना फोनवर घरातल्याच कॅमेऱ्याचं चित्र उघडं ठेवी. इरूने केळ्याचा घास तोंडात फिरवला की शाल्मलीचा स्वतःचा घास घशात थांबे.

एका दुपारी चित्रात खोली रिकामी दिसली. पाळणा रिकामा, न्हाणी रिकामी, गच्ची रिकामी. शाल्मली अनवाणी जिन्यावरून धावत खाली गेली. गल्लीच्या तोंडाशी मावशी उभ्या होत्या, खांद्यावर इरू, समोर कुणाची तरी शेळी. इरू शेळीच्या कानाला हात लावायला वाकत होती आणि खदखदून हसत होती. शाल्मलीने तिला मावशींच्या खांद्यावरून अक्षरशः ओढून घेतलं. छातीशी घट्ट धरलं. हसणं मध्येच तुटलं आणि मूल थरथरून रडू लागलं.

"सांगून नाही का जायचं, मावशी?"

"सांगितलं की दारातनं. तुमी आकड्यात व्हतात." मावशींनी पदर सावरला. "तिला काय झालं न्हवतं, ताई."

मावशी रागावल्या असतील, उद्या येणार नाहीत, असं शाल्मलीला वाटत राहिलं. घरात आली तर ओट्यावर थालीपीठ झाकून ठेवलेलं, वर लोण्याचा गोळा, आणि मावशी म्हणत होत्या, "गरम हाय तवर खावा. शेळी मी बघते." इरूला त्या दिवसापासून त्या शेळीच म्हणू लागल्या. इरू झाल्यापासून शाल्मलीने अन्न गरम असताना क्वचितच खाल्लं होतं. तिचे डोळे भरून आले. या बाईचा निकाल चांगला लागू दे, असं तिने मनात म्हटलं, आणि मग आपल्याला हे आपल्यासाठी हवंय की तिच्यासाठी, ते तिला ठरवता आलं नाही.

निकालाच्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी भिंतीवर एक रेघ उमटवली.

"हा इरूचा केसलेख. फक्त सारिकामावशींचं कडं जवळ असतानाचे हे तुकडे. बघा. उन्हाळ्यातल्या कोयनेच्या पाण्यासारखी सपाट. एक-दोन सुया आहेत, दातांच्या. इतकी शांत रेघ मला वर्षातून एखाद-दुसरी दिसते."

शाल्मलीने मावशींचा हात धरला. "डॉक्टर, तुमचे फार उपकार झाले. मावशी, तुमचे तर..."

"अजून थोडं आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "या पायऱ्या. मावशींचं कडं लांब असतानाच्या."

रेघ चढली होती. सपाट राहून उतरली होती. पुन्हा चढली होती. नीट बांधलेल्या घाटासारखी.

"मावशी नसताना? तेव्हा घरात कुणीच नसतं. मी एकटीच असते."

डॉक्टरांनी तिच्या हातातल्या कड्याकडे पाहिलं.

शाल्मली आधी अभियंत्यासारखी बोलली. "कड्यात बिघाड असेल. दुसरा नमुना घ्या."

"तीन केस वाचले. तिन्हींत तेच आहे."

"मी तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "ती तुम्हाला घाबरत नाही. तुम्ही घाबरता, आणि त्या वेळी ती तुमच्या छातीशी असते. तुमचे ठोके वाढतात, हात आवळले जातात, घामाचा वास बदलतो. जवळ वाघ आहे की काहीच नाही, हे तिला कळत नाही. आपल्या आईचं शरीर पळायच्या बेतात आहे, एवढं तिला कळतं."

"मग तसं लिहा ना! काळजी म्हणून लिहा."

"केसात कारण उमटत नाही, ताई. उंची उमटते. पाऊस जास्त झाला म्हणून पूर आला की धरणाचे दरवाजे उघडले म्हणून, घाटावरची रेघ सारखीच असते. हे मी तुम्हाला सांगायला नको."

शाल्मलीला ते कुणीच सांगायला नको होतं.

मग त्यांनी नियम सांगितला, आणि सांगताना ते भिंतीकडे बघत होते. पायरी दिसली की त्या माणसाची पडताळणी आपोआप सुरू होते. ती पुरी होईपर्यंत त्याने मुलाजवळ एकट्याने थांबायचं नाही, पडताळणी झालेलं कुणीतरी सोबत हवं. आई, बाप, आजी, कुणालाही सूट नाही, कारण ज्यांना सूट नसावी तेही बहुतेक घरातलेच निघतात. हा सगळा युक्तिवाद शाल्मलीला पाठ होता. आई होण्याआधी ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर तिने तो कितीतरी जणांना पटवून दिला होता.

"किती दिवस लागतील?"

"नवा केस वाढेपर्यंत."

"आणि तेवढे दिवस मी घाबरायचं नाही. कडं हातात असताना. सगळं उमटतंय हे माहीत असताना."

"याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "पण हा निकाल कच्चा आहे. जावळाचा मान राखून कायद्याने तेवढी सवलत ठेवली आहे. मुलीचं जावळ निघेल, निम्मं नदीला, निम्मं इथं. ते जमा झालं की दोन्ही नोंदी पक्क्या. मावशींची आणि तुमची. नाही झालं तर दोन्ही रद्द."

बाहेर आल्यावर मावशींनी केंद्राच्या पाटीकडे बघून बोटं मोडली. "आई भिनार न्हाई तर काय शेजारीन भिनार? चुलीत घाला असली यंत्रं."

अकराव्या महिन्यात, संगमाच्या घाटावर, इरूचं जावळ काढलं. ती मामाच्या मांडीवर बसून नाभिकाच्या डब्यातल्या चिमुकल्या आरशाशी खेळत होती. शाल्मलीची नणंद गौतमी कोल्हापूरहून आली होती. आत्याचा मान तिचा. तिने पदर पसरला होता आणि काळ्या मऊ बटा एकेक करून त्यात पडत होत्या. केंद्राच्या पोलीस बाई साध्या साडीत, पाहुण्यांसारख्या, जरा लांब पायरीवर उभ्या होत्या.

मावशींनी शाल्मलीला पिंपळामागे ओढलं.

"ताई, सगळंच सोडा."

"काय?"

"जावळ. सगळं सोडा पान्यात. आत्याचा हात निसटला म्हनायचं. काय करनार ती पोलीस, पान्यात उडी मारनार? नोंद रद्द. तुमी आन् तुमची लेक मोकळ्या."

"आणि तुमची नोंद?"

"माझं काय."

"मावशी, ती गेली तर तुम्हाला पुन्हा कुणी मूल देणार नाही. दोनदा केस गेलेली बाई म्हणून."

मावशी पदराच्या टोकाला गाठ मारत राहिल्या. "आर्यचं जावळ आत्यानं न्हाई सोडलं," त्या म्हणाल्या. "म्या सांगितलं सोडाय."

"का?" शाल्मलीने विचारलं.

"त्याच्या आईचं आधीचं एक गेलेलं, पाळन्यातच. झोपेत. मग ही रातध्याड आर्यला कवटाळून बसायची. तिला कुनीतरी सांगितलं की पायऱ्या निघत्यात. रडाय लागली. म्हनली, हे बी नेतील का माझ्यापासनं? म्या म्हनलं, रडू नगंस, दे नदीला. माझं नाव काय, केसावानी, परत उगवंल. तिला दुसरी आई कुठनं आननार व्हतं ते पोरगं?"

सहा आठवडे आपण या बाईच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवला, हे शाल्मलीला आठवलं. पाण्यावर, तेलावर, बांगड्यांवर. केस का नाहीत, हा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी बरोबर विचारला होता. असं उत्तर मात्र तिच्या मनात आलं नव्हतं.

घाटावरून गौतमीने हाक मारली, "वहिनी, झालं हं! या आता."

इरूचं डोकं तुळतुळीत झालं होतं आणि ती स्वतःच हात फिरवून चकित होत होती. शाल्मली पायऱ्या उतरून गेली. गौतमीचा पदर भरला होता. इतके केस होते, आणि त्यांत ते सगळे दिवस होते. शेळीचा, थालीपिठाचा, दारात तापमापक घेऊन उभं राहण्याचा. नदी दोन पावलांवर होती. पाणी संथ होतं, हातातलं काहीही मुकाट्याने नेईल असं.

मावशी वरच्या पायरीवर उभ्या होत्या, तोंड दुसरीकडे करून.

शाल्मलीने पदरातले केस दोन मुठींत घेतले. एक मूठ पाण्यात सोडली. बटा थोडा वेळ तरंगल्या आणि कृष्णा-कोयना मिळतात तिथल्या भोवऱ्यात दिसेनाशा झाल्या. दुसरी मूठ घेऊन ती पोलीस बाईंकडे गेली आणि त्यांच्या काचेच्या कुपीत एकेक बट नीट सोडली, खाली एकही पडू न देता.

"आभारी आहे," पोलीस बाई सवयीने म्हणाल्या.

"आभारी मी आहे," शाल्मली म्हणाली. ते खरं होतं.

वर आल्यावर मावशी फक्त म्हणाल्या, "खुळी हाईस." ताई म्हणायचं त्या विसरल्या होत्या.

पाऊस जवळ आला तेव्हा शाल्मली पुन्हा भिंतीवर हजर झाली. धरणाच्या पोटातल्या गार बोगद्यात ती तडे मोजी आणि संध्याकाळी कराडला परते. सारिकामावशी आता तिच्या घरीच राहायला आल्या होत्या, नियमाने रात्रीसुद्धा सोबत लागत होती म्हणून. गावात त्यांच्या नावाला मान आला होता. दोन घरांनी त्यांना बोलावलं, जास्त देतो म्हणाले. मावशींनी त्यांना सांगितलं, "मला एक शेळी हाय, ती सोडून येता येत न्हाई."

शाल्मली घरी येई, चपला हळू काढी, हात धुई. जिन्यावर थांबून श्वास मोजी. आज घाबरायचं नाही, असं स्वतःला बजावी. तसं बजावलं की छातीत ठोके वाढत. मग ती ते उतरेपर्यंत तिथेच उभी राही. आतून इरूचं हसणं ऐकू येई. ते ऐकत तिला रोज एकच वाटे, की ही बाई नसती तर माझं मूल माझ्या घरात नसतं. त्या विचारात उपकार होते, आणि उपकारांच्या खाली एक गार पोकळी होती, बोगद्यासारखी. तिच्यात ती फार वेळ बघत नसे.

त्या संध्याकाळीही ती दाराशी थांबली. मावशी खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष पाळण्याकडे होतं. चाहूल लागताच त्यांनी वर पाहिलं. आधी शाल्मलीच्या चेहऱ्याकडे, मग हातांकडे. शाल्मलीला ती नजर ओळखीची होती. न्हाणीच्या दारात उभी राहून तिने सहा आठवडे हीच नजर वापरली होती.

"मावशी," तिने विचारलं, "येऊ का आत?"

"या की." मावशींनी लसणाचं ताट बाजूला सरकवलं आणि तिला जागा केली. "हळू या पर. आत्ताच निजलीय."

शाल्मली पाळण्यापाशी बसली. इरूच्या डोक्यावर बारीक काळी लव फुटली होती. बोट नाकाखाली नेण्यासाठी तिचा हात आपोआप उठला. मावशींनी पाहिलं. शाल्मलीने हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, कड्याचा हात दुसऱ्या हाताने धरला, आणि श्वास येतोय की नाही ते न बघता ती आपल्या मुलीकडे बघत बसली.